केबिनमधले एकतीस दिवस

१ जानेवारी, सकाळी ९
केबिनमधला पहिला दिवस. कपिलधारच्या वरचा माळ, 'डोंगरमाथा वनवसाहत', प्लॉट नंबर चार. एकूण प्लॉट चौदा, केबिन एक. बाकी तेरा ठिकाणी सध्या सीताफळाची झुडपं आणि खुंट्या आहेत. पण वस्ती झपाट्याने वाढणार, असं भागवतअण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलंय. अण्णा माजी सभापती. माळ त्यांचा, प्लॉट त्यांनीच विकले, म्हणजे त्यांना माहीत असणारच.

बायकोशी, म्हणजे विजयमालेशी, झालेला करार असा: पूर्ण जानेवारी मी इथे एकट्याने काढायचा. बीडच्या घरी एकही मुक्काम नाही, घरचा डबा नाही. जमलं तर फेब्रुवारीत फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं कायमचे इथे. नाही जमलं तर केबिनचं काय करायचं ते ती ठरवणार आणि मी हूं की चूं करायचं नाही. तिने हे कागदावर लिहून मागितलं. मी पस्तीस वर्षं हेडक्लार्क होतो. मसुदा सुरेख झाला.

ती विकणार, हे उघड आहे. नांदूरघाटच्या शेतकऱ्याची मुलगी, पण आता फ्लॅटच्या गॅलरीतली तुळस एवढंच तिचं रान. मी बीडात गल्लीत वाढलो, तरी निसर्गाची ओढ उपजत.

संकल्प: पाचला उठणे. स्वतः स्वयंपाक. मोरांचं निरीक्षण.

२ जानेवारी
साडेआठला उठलो. माळावर थंडी असते, इथले साडेआठ म्हणजे बीडचे पाचच. सात मोर आले. धन्य झालो.

३ जानेवारी
मोरांनी पेरलेली मेथी उकरून खाल्ली. मोर आता नऊ. निरीक्षण चालू.

५ जानेवारी
वनवसाहत रहिवासी संघाची स्थापना. अध्यक्ष मी, एकमताने. रबरी शिक्का येतानाच करून आणला होता. ठराव क्रमांक एक: प्लॉटमधली पायवाट बंद. सिदू नावाचा मेंढपाळ रोज दोन वेळा दीडशे मेंढ्या आणि दहाबारा शेळ्या माझ्या पायरीसमोरून नेतो. बोर्ड लावला: 'खासगी मालमत्ता. प्रवेश निषिद्ध. अध्यक्ष.' खाली शिक्का.

६ जानेवारी
सिदू बोर्डासमोर बराच वेळ थांबला. म्हणाला, सायेब, मला वाचाया येतं, मेंढराला न्हाई येत. माझ्या आज्यापासून पाण्यावर जायची हीच वाट हाय. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, तुमी हितं एकलेच कावून राहायलात? घरात भांडण झालं का?
मी त्याला निसर्गाच्या सान्निध्याबद्दल वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्याने काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकलं. म्हणाला, व्हईल समदं नीट. बाईमाणूस लई दिवस राग धरीत न्हाई.
त्याची बायको सारजाबाई जाताना पायरीवर दोन भाकरी आणि ठेचा ठेवून गेली. करारात 'घरचा डबा नाही' असं आहे. दुसऱ्याच्या घरच्या भाकरीबद्दल करार गप्प आहे.

७ जानेवारी
भाकरी तीन. स्वयंपाकाचा संकल्प चालू आहे, सध्या अभ्यासाच्या पातळीवर.

१० जानेवारी
फोनला रेंज फक्त प्लॉट नंबर अकराच्या दगडावर येते, तीही एका पायावर उभं राहिलं तर. विजयमालेला ओरडून सांगितलं, मजेत आहे. ती म्हणाली, मजेत आहात तर ओरडताय कशाला?

१४ जानेवारी, संक्रांत
विजयमाला तिळगूळ घेऊन आली. दोन तासांसाठी. मी केबिनची माहिती देणारं भाषण तयार ठेवलं होतं. तिने दारातून एक नजर टाकली आणि म्हणाली, अहो, ही तर पेटी आहे.
तेवढ्यात सारजाबाई आली. ती विजयमालेकडे बघतच राहिली. म्हणाली, अगं, तू बापूंची माली न्हवं का? तुमच्या वावरात आमची मेंढरं बसायची. फ्रॉक घालून कोकराच्या मागं पळायचीस. एकदा कोकरू घेऊन घरात लपलीवतीस!
बत्तीस वर्षांच्या संसारात हिला कोणी माली म्हणतं, हे मला माहीत नव्हतं.
दोघी सीताफळाखाली बसल्या. तीन दगडांची चूल झाली. सिदूने कुठून तरी ज्वारीची कणसं आणली, हुरडा भाजला. भाषण राहून गेलं. चुलीला वारा लागू नये म्हणून माझा बोर्ड आडवा लावला. व्यवस्था तात्पुरती आहे. विजयमाला शेवटच्या जीपने गेली.

१७ जानेवारी
विजयमाला पुन्हा आली. सारजाबाईच्या गुडघ्याला तेल द्यायचं होतं म्हणे. तिने इथे येऊ नये असं करारात कुठेच नाही. मसुद्यातली एकमेव त्रुटी.

१९ जानेवारी
केबिनसमोर लॉन करायचं ठरवलं. गालिच्यासारखं. त्यासाठी खत हवं. सासऱ्यांच्या वावरात मेंढ्या बसवायचे, ते आठवलं. मेंढ्या रात्रभर वावरात बसतात, लेंडीखत पडतं, शेतकरी धनगराला धान्य देतो. सिदूला संघातर्फे ही संधी दिली.
तो म्हणाला, सायेब, मेंढरं पीक निघालेल्या उघड्या वावरात बसवत्यात. हितं तुमचे गुलाब हायती, कुंड्या हायती, घर हाय.
मी चुन्याने चौकोन आखून दाखवला. मेंढ्या आत, बाकी सगळं बाहेर. सिदू म्हणाला, बरं. तेवढी रेघ मेंढराला दाखवून ठिवा.
धान्याऐवजी मी संघाचं प्रशस्तिपत्र देऊ केलं. सारजाबाई म्हणाली, ते भिजवून खायचं का वाळवून? ज्वारी द्यायचं ठरलं.

२१ जानेवारी, सकाळी ७
मेंढ्या बसल्या. वारं गार होतं, त्यामुळे चौकोन सोडून सगळ्या केबिनच्या खाली बसल्या. (केबिन लोखंडी पायांवर जमिनीपासून तीन फूट उंच आहे. ही माझीच कल्पना.) शेळ्या बसल्या नाहीत. गुलाब, क्रोटन, पायपुसणं आणि ठराव क्रमांक दोन ते सहा त्यांनी संपवले. एक शेळी माझ्या खाटेवर सापडली. चेहऱ्यावर समाधान.
खत भरपूर पडलं. लॉनच्या जागेवर नाही, पण पडलं. प्रयोग यशस्वी.

२२ जानेवारी
अंगाला खाज. हवामानामुळे असावी.

२३ जानेवारी
हवामान नव्हे. पिसवा. फळ्यांच्या फटींतून वर येतात. सिदूला बोलावलं. तो वाकून केबिनखाली बघत राहिला. म्हणाला, वावरात दिवसा ऊन पडतं, पिसवा मरून जात्यात. मेंढराच्या जागंवर घर ठिवलेला माणूस मी पयलाच बघायलो.
सारजाबाईने कडुलिंबाचा धूर करायला सांगितलं. केला. पिसवा आत राहिल्या, मी बाहेर आलो.

२४ जानेवारी, दुपारी ४, बीड
मलम आणायला आलो आहे. गरम पाण्याने अंघोळ. वरण-भात. दुपारची झोप हा मुक्काम होत नाही.

२४ जानेवारी, संध्याकाळी ७
शेवटची जीप गेली. मी ती बघत उभा होतो, तरी गेली.

२५ जानेवारी
रात्रभर विचार केला (गादीवर). जिंकण्यापेक्षा उदारपणे हरण्यात मोठेपणा आहे. शिवाय, ही रोजनिशी दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, केबिन गेली तर मला काही फार वाईट वाटणार नाही. वय झालं. टीव्ही आहे. कोपऱ्यावर भजी मिळतात.
विजयमालेला म्हणालो, हरलो मी. तू ठरव. विकायची तर भागवतअण्णा परत घ्यायला तयार आहेत, मी बोलून ठेवलंय. मी शब्द काढणार नाही. बोलताना गळा दाटून आणला.
ती म्हणाली, दोन दिवस द्या.

२६ जानेवारी
विजयमाला फिनेल, चुना आणि दोन पातेली घेऊन वर गेली. गिऱ्हाईकाला दाखवायची तर वस्तू स्वच्छ हवी. व्यवहार कळतो तिला.

२८ जानेवारी
ती अजून वरच. साफसफाईला वेळ लागतो. भजी खाल्ली.

३० जानेवारी
अकरा नंबरच्या दगडावरून विजयमालेचा फोन. ती ओरडत नव्हती. तिला रेंज आपोआप येते.
निर्णय: केबिन विकायची नाही. दोघांनी तिथेच राहायचं. खालची बाजू दगडांनी बंद केली, पुढे ओसरी काढली, सिदूची वाट मोकळी. भागवतअण्णा सौदा करायला गेले होते. हिने त्यांना ओसरीवर बसवून भाकरी वाढली आणि विचारलं, अण्णा, आमचे तेरा शेजारी कुठायत? अण्णा जेवले आणि पाण्याची पाइपलाइन कबूल करून निघून गेले.
मी म्हणालो, अगं, पण तुला फ्लॅट आवडतो ना!
ती म्हणाली, तुम्हाला आवडायचा, म्हणून बावीस वर्षं राहिले. तुम्हालाच डोंगर हवा झाल्यावर मी कशाला मागे राहू?
मी हूं म्हणालो. ती म्हणाली, हूंसुद्धा नाही, करार बघा.
बघितला. मसुदा खरंच निर्दोष आहे.

२ फेब्रुवारी, बीड
थोडक्यात, माझी योजना तंतोतंत यशस्वी झाली. फ्लॅट बघायला एक तरुण जोडपं आलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, वरचे लोक पहाटे खलबत्ता कुटतात, आणि या घरात माणसाला भजी खायची सवय लागते. मुलगी म्हणाली, हो, काकूंनी सांगितलंय सगळं. आमचं ठरलंय, फक्त घर कधी रिकामं होतंय ते विचारायला आलो.
मी पंधरा दिवस मागितले. त्यांनी काकूंना फोन लावला.
पाच मिळाले.