देव्हाऱ्यावरचं स्वस्तिक

फरीदाबाद,
२१ ऑक्टोबर २००५

प्रिय पद्माकर,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. आम्ही ठीक. अक्षता आठवीत गेली, पण तिचं मराठी अगदी दिल्लीचं. "आई, कढीत नमक कमी आहे, बिल्कुल मजा नाही," म्हणते. तू मामा आहेस, आलास की तूच कान पकड.

लिहायचं कारण म्हणजे कॅमेरा. ह्यांना भारीतला डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, आठ मेगापिक्सलचा. दिवाळीची सूट आहे म्हणे. तू इंजिनिअर, बांधकामावर तसाच वापरतोस, म्हणून विचारते, एवढा चांगला खरंच लागतो का? हौसेला मोल नसतं हे खरं, पण ह्यांना हौस होती कधी? वाढदिवसाचा रोल अजून धुवायचा पडलाय.

फोनच केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि हेही तिथेच असतात.

फ्लॅट विकायचा आहे. तुला सांगायचं टाळलं मी. "रोलच्या फोटोत घर कोंदट दिसतं. लोक आजकाल आधी कम्प्यूटरवर बघतात," असं हे म्हणाले आणि ऑफिसातल्या एकाचा कॅमेरा मागून आणला. फोटो सुरेख आले. घर आहे त्याहून मोठं दिसत होतं.

वास्तुशांतीला देव्हाऱ्यावरच्या भिंतीवर मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आठवतं? दर दसऱ्याला ते मी तुपात कुंकू कालवून गिरवते. मधे एक बारीक चीर होती. खालची रेघ वरच्या रेघेला जुळत नसे, म्हणून मी ती सरळ करून घ्यायची. हात थरथरतो, वय झालं, असं वाटायचं मला. बिल्डरच्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "भाभीजी, नई बिल्डिंग है, थोड़ी तो बैठेगी."

अक्षताने देव्हाऱ्याचा फोटो कम्प्यूटरवर मोठा केला. चिरेच्या वर स्वस्तिकाची एकेकच रेघ होती. चिरेखाली मात्र माझ्या जुन्या रेघा फिकट दिसत होत्या, एकीखाली एक, जितकी जुनी तितकी खाली. "आई, हे तर नीचे चाललंय," ती म्हणाली.

ह्यांनी फोटो बंद केला. मग म्हणाले, "घेणाऱ्यांना पाठवायचे फोटो देव्हारा सोडून काढू. आपलाच कॅमेरा घेऊ, नीट वेळ देता येईल."

मला भीती वाटते, पद्माकर. घराची वाटते आणि ह्यांचीही.

फ्लॅट आपल्याच मंडळातलं जोडपं घेतंय, हेरंब आणि प्रणिता. तिला सातवा महिना आहे. गणपतीत माझ्या हातचे मोदक मागून मागून खाल्ले तिने. पुढच्या रविवारी विसार द्यायला येतील. ह्यांनी भिंतीला रंग लावायला माणूस सांगितलाय, तो आदल्या दिवशी, शनिवारी येईल.

देव्हाऱ्याचा तो फोटो सोबत पाठवते आहे. रंग लागायच्या आधी तू ये. हेरंबला बोलावून घे, त्याच्यासमोर उभा राहून ती भिंत बघ आणि काय ते मोठ्याने सांग. माझ्याने ह्यांच्यासमोर बोलवणार नाही. तू नाही आलास तर मलाच बोलावं लागेल, आणि मग ह्या घरात आम्ही दोघं कसे राहणार ते मला दिसत नाही.

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं की भिंत टक टक वाजते. अक्षताचं अंथरूण मी बैठकीतून उचलून दाराजवळ घातलंय. ह्यांनी पाहिलं. का, म्हणून विचारलं नाही.

वाट पाहणारी,
तुझी इंदूताई