दाराशी ठेवलेलं पाणी

१६ मे, स्पीती

पोहोचलो एकदाचे! जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली. ह्यांचा जीव अजून हसनाबादच्या शेतातच अडकलाय. पण मला बर्फ बघायचाच होता. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलोच नाही. हट्ट माझाच.

१७ मे

लिहायची लाज वाटते. पण इथे नाही लिहिलं तर कुठे?

आज आणखी वरच्या गावात, एका घरी उतरलो. दाराशी भरलेली बादली, शेजारी मग. आपल्याकडे पाहुण्याला पाय धुवायला ठेवतात, अगदी तसंच! म्हटलं, रीतीची माणसं दिसतात. घसघसून पाय धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली. उरलेलं पायरीवर ओतून दिलं. हे अजून जीपमधून बॅगा काढत होते.

घरची बाई लगबगीने खाली आली. रिकामी बादली बघून हिंदीत एवढंच म्हणाली, की हे प्यायचं पाणी होतं. नळ गोठलेला, खालच्या झऱ्यावरून आणावं लागतं. कुणी सांडलं, हे तिने विचारलंही नव्हतं. तरी मी ह्यांच्याकडे बोट केलं — "इन्होंने!"

मे महिन्यात टँकरमागे घागर घेऊन पळणारी मी. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी मी! माझे पाय अजून ओलेच होते.

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "गलती हो गई, बहनजी," म्हणाले आणि बादली उचलून उतार उतरायला लागले.

१८ मे

इथल्या हवेत ह्यांना धाप लागते. तरी सकाळी पुन्हा पाणी आणलं. मी पुरे म्हटलं, तर म्हणाले, "आणू दे. आपण सांडलंय त्यांचं."

आपण! सरळ तू म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बाई मला हसून चहा देते. लोणी घातलेला, खारट. निमूट पिते.

१९ मे

निघालो. जाताना तिला सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिने माझ्या गळ्यात पाहुण्याच्या मानाचं पांढरं उपरणं घातलं आणि मी नुसते हात जोडून जीपमध्ये बसले. पुढे बर्फ बघितला. फोटो काढले. एकाही फोटोत माझा चेहरा धड नाही.

२६ मे, हसनाबाद

नणंद, प्रेमलाताई आल्या. हे त्यांना रंगवून सांगत होते — मीच येड्यावानी पाय धुतले म्हणून! ताई हसून हसून बेजार. "भुजंगा, तू न्हाई सुधरायचा." मी हातातला घास ताटात ठेवला. बोलून टाकलं, ह्यांनी नाही, मी धुतले. वर खोटंही बोलले.

हे उठून गोठ्याकडे गेले.

२७ मे

सकाळी चहा बशीत ओतता ओतता हे म्हणाले, "त्या बाईला ठाऊक व्हतं. वरून सगळं पाहून राह्यली व्हती ती. झऱ्यावर मला म्हणली, बायकोला कळू देऊ नका. तिला लाज वाटंल."