खुनाच्या पाच पायऱ्या

४ जानेवारी, सकाळी ७. बाहेर उणे एकतीस.

नव्या वर्षाचा संकल्प: पुस्तक पूर्ण करणे. माणूस खून का करतो हे मला सापडलेलंच आहे, आता फक्त लिहायचं उरलंय. एकूण पाच पायऱ्या. अपमान, साक्षीदार, खोटं हसू, शांतता, घाव. जगातला प्रत्येक खुनी याच जिन्याने चढतो. आकृतीही काढून झाली.

१५ एप्रिलला माझी फाइल युनिव्हर्सिटीच्या कमिटीपुढे. पुस्तक असेल तर नोकरी कायम. नसेल तर वर्षभरात चंबूगबाळं आवरायचं. नोरीन विचारते, सहा वर्षं काय करत होतास? ती नर्स आहे. तिच्याकडे माणसं आठवड्यात बरी होऊन घरी जातात, त्यामुळे बायकोला संशोधनाची गती कळत नाही.

११ जानेवारी

किरकोळ अडचण. सिद्धान्ताला खुनी हवा. तुरुंगांमधल्या ऐंशी कैद्यांना निमंत्रण पाठवलं होतं. एक तयार झाला. क्लिफर्ड वॉनलेस, वय अठ्ठावन्न. एकोणीस वर्षांपूर्वी बहिणीच्या नवऱ्याला, डेलला, बर्फ काढायच्या फावड्याने मारलं. विभागप्रमुख मार्गरीट म्हणाली, एमेट, एका माणसावर अख्खं पुस्तक? मी म्हणालो, सखोल.

२५ जानेवारी

क्लिफची पहिली मुलाखत. उत्तम झाली.

मोठे हात, बारीक आवाज. तुरुंगात सुतारकाम करतो. डेल काय बोलला होता, म्हणून विचारलं. म्हणे, काही नाही. चांगला माणूस होता हो, माझ्या दारातला बर्फ काढायला आला होता. येताना कॉफी घेऊन आला. मी चिकाटी सोडली नाही. कॉफी देताना तरी काही बोलला असेल? क्लिफने बराच विचार केला. मग म्हणाला, साखर घालायची राहिली, असं म्हणाला.

पहिली पायरी सापडली!

आकृती दाखवली तर म्हणतो कसा, प्रोफेसर, हा जिना तुम्हीच बांधलाय ना? आम्ही आधी जागा मोजतो, मग पायऱ्या कापतो. कैद्यांमध्ये उपरोध फार. नोंद केली.

८ फेब्रुवारी

आतापर्यंत तीन मुलाखती. आता कोडिंग. म्हणजे टाइप केलेल्या मुलाखतीच्या समासात कुठे कुठली पायरी आहे ते दोघांनी एकमेकांना न विचारता लिहायचं, आणि जुळणी ऐंशी टक्के यायला हवी. दुसरी जोडीदार अ‍ॅग्नेस पेट्रॉस्की. कोर्टात सत्तावीस वर्षं खुनाचे खटले टाइप करून निवृत्त झालेली बाई. मुलाखतीही तीच टाइप करते. प्रश्नोत्तरं संपल्यावरच्या गप्पा टाइप करू नका, असं मी सांगून ठेवलंय. उगाच पानं वाढतात.

जुळणी: एकोणतीस टक्के.

अ‍ॅग्नेस म्हणाली, साखर नाही म्हणजे अपमान? मग आमच्या ह्यांना मी चाळीस वर्षं अपमानच पाजतेय की. तिला दोन तास सिद्धान्त समजावला. तिने मोजे विणले.

१५ फेब्रुवारी

पुन्हा कोडिंग. चौतीस. चढता आलेख.

२ मार्च

विभागाची बैठक. मार्गरीटने अकरा जणांसमोर विचारलं, एमेटचं पुस्तक येतंय, का निरोपाचा केक सांगून ठेवू? सगळे हसले. मीही हसलो. मग गप्प बसलो.

घरी येताना गाडीत लक्षात आलं. अपमान, साक्षीदार, खोटं हसू, शांतता. चार पायऱ्या मी ओळीने चढलो होतो! आणि पाचवीला काय केलं? उठून टेबलावरचा गोड बटर टार्ट घेतला. मग आणखी एक.

सिद्धान्ताला तडा? अजिबात नाही. संशोधक हा अपवाद असतो. तळटीप घालायची.

१० मार्च

आजपर्यंत पुस्तकाची बावीस पानं. त्यांतली नऊ आभार.

नोरीनने जेवताना स्पष्ट सांगितलं, तुझी नोकरी गेली तर दुसरीकडे कुठे मिळेल तिथे तू जा. माझं इस्पितळ इथे आहे, माझी माणसं इथे आहेत, मी हलणार नाही. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी करंज्या ताटात तशाच गार झाल्या.

मी घाबरलेलो नाही. फक्त सकाळी चारलाच जाग येते.

१६ मार्च

सुचलं! नियम असा आहे की ज्याची मुलाखत घेतली त्याला ती तपासायला पाठवायची. कोरी प्रत, समासात काही न लिहिलेली. पण कोरी कशाला? माझ्या नोंदींसकट पाठवतो. स्वतःचं मन कागदावर उलगडलेलं बघून क्लिफ थक्क होईल. 'बरोबर आहे' अशी त्याची सही आली की अ‍ॅग्नेसच्या टक्क्यांना कोण विचारतो!

अ‍ॅग्नेस म्हणाली, असं कोणी करत नाही हो प्रोफेसर. मी म्हणालो, म्हणून तर. ती म्हणाली, निदान पान चौदा तरी काढा. तिथे तो रडला होता. मी समासात लिहिलंय, 'अश्रू: बचावाची युक्ती.' चांगली नोंद आहे, ठेवली. पान सोळावर 'स्वतःला फसवतो' हेही ठेवलं.

२९ मार्च

उत्तर नाही. खोलवर वाचत असणार.

६ एप्रिल, दुपारी २

तुरुंगातून पाकीट आलं. संमती मागे घेतल्याचा फॉर्म. एका चौकोनात बरोबरची खूण, खाली सही. बस्स.

तुरुंगाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिथली बाई म्हणाली, सर, तुमच्याच फॉर्ममध्ये लिहिलंय, तो केव्हाही माघार घेऊ शकतो, आणि का घेतली हे तुम्ही विचारायचं नाही. ते वाक्य माझं आहे. युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीने त्याचं कौतुक केलं होतं.

आयुष्यभर 'का' हा एकच प्रश्न विचारत आलो, आणि तोच विचारायला बंदी!

मार्गरीटकडे धावत गेलो. ती म्हणाली, एमेट, यातली एक ओळसुद्धा आता वापरता येणार नाही. रेकॉर्डिंग नष्ट करायचं, साक्षीदार ठेवून. मी काहीतरी बोलायला गेलो तर रडूच फुटलं. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

कारण काय असेल? पाठवलेली प्रिंट फिकट होती बहुतेक.

१४ एप्रिल

साक्षीदार अ‍ॅग्नेस. तिला म्हटलं, पुसून टाकू पटकन. ती म्हणाली, आधी ऐका. पहिल्या मुलाखतीचा शेवट. मी टाइप केला नाही तो. तुम्हीच नको म्हणालात.

ऐकलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग क्लिफ म्हणतो, प्रोफेसर, एक मिनिट. बहिणीचं पत्र आलंय मला. एकोणीस वर्षांत पहिलं. एकच ओळ आहे, का केलंस? मला खरंच माहीत नाही हो. फावडं हातात होतं, तो पाठमोरा होता, एवढंच आठवतं. म्हणून तुमचा फॉर्म भरला. तुम्ही शिकलेले, तुम्हाला सापडेल. सापडलं की आधी मला सांगा. तिला लिहायचंय.

त्यावर माझा आवाज: छान, छान. पुढच्या खेपेला दुसरी पायरी घेऊ.

हे मी बोलल्याचं मला आठवतसुद्धा नाही. बॅग भरत होतो बहुतेक.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

अ‍ॅग्नेसने हळूच विचारलं, काय सांगितलं असतंत त्याला? सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याला लिहायचीही आता मुभा नाही. बटण मीच दाबलं. तिने सही केली, मग मी.

उद्या द्यायला फाइल नाही. नोरीनला संध्याकाळी सांगेन. ती 'का' म्हणून विचारेल.