एकदाच मारलेला काटा

मी, व्हर्लिन ओदिन हाउगन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त वजनकाटेवाला, कागदोपत्री राहणार साउथ डकोटातील एका टपालपेटीत आणि प्रत्यक्षात राहणार माझा कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचे चाकांवरचे घर, उभा असेल तिथे, आज अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट येथील कॅम्पात जागा क्रमांक सत्तेचाळीसवर बसून माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. ती येत्या सोमवारी युमाच्या इस्पितळात बदलणार आहेत. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला माणूस जवळ असावा लागतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे काही माझ्या पत्नीला दिले होते, आणि ती २०१९ च्या फेब्रुवारीत वारली.

कलम १. घर. घर नाही. लाव्हॉन गेल्यावर, म्हणजे माझी पत्नी गेल्यावर, पुढच्याच वर्षी मी ते विकले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आर्लिसचे घर दिसत असे आणि तिच्याकडे दिवा लागला की मी पडदा ओढत असे. आर्लिस ही लाव्हॉनची धाकटी बहीण. तिच्याविषयी पुढे येईल. माणसाने रोज संध्याकाळी पडदा ओढण्यापेक्षा घर विकलेले बरे, असे मला तेव्हा वाटले. आता तसे वाटत नाही, पण घर परत येत नाही.

कलम २. अवजारे. चाकांचे नट आवळण्याचा पाना, जॅक, चाकांखाली लावायचे ठोकळे आणि हवेचा दाब बघायचे मीटर हे सर्व जागा क्रमांक एक्कावन्नच्या डेल्बर्ट क्रूझ याला द्यावे. आमची मैत्री नाही. डेल्बर्ट एका अर्धाटनी म्हणवणाऱ्या हलक्या ट्रकने बत्तीस फुटी कॅम्पर ओढतो. त्याच्या ट्रकचे ढुंगण जमिनीला टेकलेले असते आणि पुढचे दिवे रस्ता सोडून चांदण्यांवर पडतात. सहा हिवाळे मी त्याला सांगत आलो आहे.

"अरे, ओढतोय ना मजेत!" तो म्हणतो.

"ओढतो रे. बैलसुद्धा ओढतो. उतारावर थांबवेल का, ते विचार त्याला."

"तू मेलास ना वर्न, की तुझ्या थडग्यावर वजन लिहीन मी. रिकामं आणि भरलेलं."

या बोलण्याबद्दल माझा त्याच्यावर राग नाही. कित्येक आठवडे मला नावाने हाक मारणारा तो एकटाच असतो. मीटर मात्र त्याने वापरावे, अशी अट घालतो.

कलम ३. भांडीकुंडी. लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ नॉर्वेजियन पोळ्या, भाजायचा लाव्हॉनचा तवा आणि लांब लाकडी उलथणे आमच्या गावच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात द्यावे. मला लेफ्से लाटता येत नाहीत. दोनदा प्रयत्न केला, बटाट्याचा गोळा तव्यालाच चिकटला. मी डब्यातले सूप गरम करून खातो आणि डबा धुऊन ठेवतो, का ते मला ठाऊक नाही.

कलम ४. ट्रक. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने कॉफी घ्यावी.

मी चौतीस वर्षे धान्यकोठाराच्या काट्यावर होतो. शेतकऱ्याचा ट्रक भरलेला यायचा, मी वजन करायचो. रिकामा परत जायचा, मी वजन करायचो. मधला फरक ते त्याचे वर्षभराचे पीक. चौतीस वर्षांत मी कोणाचा काटा मारला नाही, सख्ख्या भावाला झुकते माप दिले नाही. लोक चर्चमध्ये माझ्या शेजारी बसत नसत, पण माझ्या चिठ्ठीवर कोणी शंका घेत नसे. मला तेवढ्याचा अभिमान होता.

२०१२ साली निवृत्त झालो तेव्हा अडतीस फुटी कॅम्पर घेतला आणि तो ओढायला ट्रक शोधू लागलो. लोक जाहिरात बघतात. हा ट्रक इतके हजार पौंड ओढतो, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. खरा आकडा तिथे नसतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, हाताएवढ्या चिकटपट्टीवर असतो: माणसे आणि सामान मिळून एवढ्या पौंडांहून जास्त लादू नये. आमच्यासारख्या कॅम्परचे नाक ट्रकच्या पाठीवरच टेकते, म्हणजे नाकाचे वजन त्याच आकड्यातून वजा. मग शेजारी बसलेल्या बायकोचेही. मी वही घेऊन तीन गावे फिरलो आणि ट्रकची दारे उघडून आकडे उतरवले. लाव्हॉन बरोबर असायची. ती आकडे बघत नसे. प्रत्येक ट्रकमध्ये चढून बघे आणि मागच्या सीटवरही बसून बघे.

"मागे कशाला बसतेस?" मी विचारले.

"आर्लिसचे गुडघे मावतात का बघते."

आर्लिसचा नवरा त्याच वसंतात गेला होता. आपण अॅरिझोनाला उबेला जायचे आणि तिने हिवाळाभर एकटीने बर्फ उपसत बसायचे, हे लाव्हॉनला पटत नव्हते. तिने मागे जोडचाके असलेला एकटनी ट्रक पसंत केला होता. तिघेच काय, चर्चचा अर्धा गायकवृंद त्यात मावला असता.

"हा घे, वर्न. मोठा आहे, कोणाला नको म्हणायला लागणार नाही."

विक्रेता लगेच पुढे सरसावला. "बाईसाहेबांचं बरोबर आहे. हा तुमचं घर ओढेल साहेब, तळघरासकट!"

मी म्हणालो, जोडचाके आपल्या गराजच्या दारातून जात नाहीत. ते खरे होते, चार इंचांनी खरे होते. मी एकेरी चाकांचा एकटनी घेतला. लाव्हॉन परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होती. मला वाटले, गुडघ्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

मिटला नव्हता. निघायच्या आदल्या रविवारी, कोठार बंद असताना, मी सगळे काट्यावर घेतले: आधी नुसता ट्रक, मग कॅम्परचे नाक टेकवून, पाण्याची टाकी भरून, आम्ही दोघे आत बसून. ट्रक काट्यावरून खाली घेतला, तेवढ्यात आर्लिस आली. हातात सुटकेस, डोक्यावर उन्हाळ्यातली टोपी, आणि बाहेर ऑक्टोबरचा वारा. धान्याच्या ट्रकसाठी बांधलेल्या त्या सत्तर फुटी काट्याच्या मधोमध ती एकटी उभी राहिली आणि ओरडली, "मलाही तोल, वर्न! खरं सांग, बाजूच्या शेतकऱ्यांना कळलं तरी चालेल!"

लाव्हॉन हसून हसून वाकली. काटा वीस-वीस पौंडांनी पुढे सरकतो. सुटकेससकट आर्लिस एकशे ऐंशी भरली. चिठ्ठी छापून निघाली. काटाघरात बसून मी तिच्याच पाठीवर बेरीज मांडली. ती धरूनही एकशे वीस पौंड शिल्लक राहत होते. मी चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर आलो.

"दोनशेने जास्त होतंय," मी म्हणालो. "चिकटपट्टीपलीकडे मी जात नाही. उतारावर जिवाशी खेळ होतो."

वजनाच्या बाबतीत माझ्याशी वाद घालावा असे त्या गावात कोणाला वाटत नसे. आर्लिसने सुटकेस उचलली. "सुटकेस ठेवते मी घरी," ती म्हणाली. मी म्हणालो, तरी जमणार नाही. तिने टोपी काढली आणि चालत घरी गेली.

आम्ही सात हिवाळे इथे काढले, दोघेच. सातव्या वर्षी, फेब्रुवारीत, लाव्हॉन कॉफी ओतता ओतता खाली बसली. दोन दिवस ती इस्पितळात होती आणि बहिणीचे नाव घेत होती. आर्लिस तिकडे बर्फाच्या वादळात विमानतळावर अडकून पडली आणि तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर संपले होते. दफनानंतर चर्चच्या तळघरात तिने माझ्या हातात कॉफीचा कप दिला. "साखर तिकडे आहे," हे तिचे माझ्याशी शेवटचे वाक्य. त्यानंतर सहा वर्षे तिने माझा फोन उचलला नाही.

पुढच्या वर्षी मी जोडचाकी ट्रक घेतला. गराज उरलेच नव्हते. चिकटपट्टीवर साडेपाच हजारांहून मोठा आकडा आहे आणि सीटवर मी एकटा. कॅम्पर मागे घेताना लाव्हॉन आरशात दिसेल अशी उभी राहून हात हलवायची. आता मी चार वेळा उतरून मागे जाऊन बघतो. लोक खुर्च्या टाकून तमाशा बघतात. बघू देत.

कलम ५. हा ट्रक आणि कॅम्पर मी आर्लिसला देतो. ती लहानपणापासून धान्याचे ट्रक चालवत आली आहे, तिला कोणी शिकवायला नको. आणि तिला हे कळावे, की त्या रविवारी जागा होती. मी काटा मारला. आयुष्यात एकदाच, आणि तोही घरच्या माणसाला. मी तिची माफी मागतो.

या कलमाचा मसुदा मी युमाच्या वकीलबाईंना दाखवला. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो हाउगन, मृत्युपत्रात माफी मागत नाहीत. कोर्टाला त्याचं काय करायचं ते कळत नाही. पण असं केलंत तरी का तुम्ही?"

मी म्हणालो, ठाऊक नाही. त्यांनी ते वाक्य राहू दिले, पण आर्लिसचे पूर्ण नाव आणि पत्ता लागेल म्हणाल्या. म्हणून काल, गुरुवारी, मी कॅम्पच्या कार्यालयातून फोन लावला. नंबर अनोळखी, त्यामुळे तिने उचलला.

"मी वर्न बोलतोय."

"कोण गेलं?" तिने विचारले.

"अजून कोणी नाही. मृत्युपत्र करतोय. तुझं पूर्ण नाव हवंय."

"कशाला? मला काय ठेवतोयस, काट्याची चिठ्ठी?"

मी विचारले, कसली चिठ्ठी.

"सोंग आणू नकोस. तुझ्या डगल्याच्या खिशात निघाली ती, धुवायला टाकताना. तुम्ही निघायच्या आधीच. लाव्हॉन तस्सी माझ्याकडे आली ती घेऊन. माझ्या टेबलावर ठेवली. एकशे वीस शिल्लक."

मी म्हणालो, "मग ती मला बोलली का नाही?"

"मी तेच म्हटलं! म्हटलं, जा, त्याच्या तोंडावर फेक. तर म्हणते, 'नको गं. अडतीस वर्षांत त्याने एकदाही म्हटलं नाही की मला तू हवीस म्हणून. हे त्याचं म्हणणंच आहे. येड्यासारखं आहे, पण म्हणणं आहे.' आणि बसली तुझ्या शेजारी, गेली निघून. मला टाकून. आता सांग, मी रागवू कुणावर? ती तर मेली. मग तूच उरलास."

"माफ कर, आर्लिस."

"नाही," ती म्हणाली. "इतक्यात नाही. नाव लिहून घे. आर्लिस मरीन तोस्तेरुद. शेवटी द आहे. कोणी म्हणत नाही, पण आहे."

मी लिहून घेतले. तिने विचारले, ऑपरेशन किती वाजता. मी म्हणालो सकाळी सात. मग मी विचारले, ऑपरेशनचे तुला कोणी सांगितले. "माणूस उगाच मृत्युपत्र करत नाही," ती म्हणाली. "जवळ कोण आहे?" मी म्हणालो, डेल्बर्ट सोडायला येणार आहे. मग ती म्हणाली, "इस्पितळाला माझा नंबर दे. फोन आला तर उचलीन. तेवढंच." आणि ठेवला.

कलम ५ जसे आहे तसेच राहील.

कलम ६. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून आमच्या चर्चचे पाळक रेव्हरंड टिमथी ब्रेकहस यांना नेमतो. आमची भेट झालेली नाही. मला लाव्हॉनच्या शेजारी पुरावे. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, फक्त एक साल घालायचे आहे. वजन लिहू नये.

कलम ७. हे कलम आज सकाळी वाढवले. वकीलबाई फोनवर म्हणाल्या की जो माणूस माझ्या आधी वारला त्याच्या नावे ठेवलेले काहीही कायद्याने आपोआप रद्द होते. मी म्हणालो, तरी टंकून घ्या.

माझी पत्नी लाव्हॉन हिला मी हे देतो: जागा होती. आर्लिसचे गुडघे मावले असते. मला तू हवी होतीस, इतर कोणी नको होते, आणि हे चार शब्द मला बोलता आले असते तर तुझी बहीण तुझ्या उशाशी असती. तू चिठ्ठी वाचूनही सात वर्षे माझ्या शेजारी बसलीस आणि मी समजत होतो की तू नुसती खिडकीबाहेर बघतेस. मला तू हवी होतीस. अजून हवी आहेस.

हे कलम निकामी आहे, याची मला कल्पना आहे. तरी ते कोणी खोडू नये.

वरील सर्व मी वाचले, समजून घेतले आणि स्वतःच्या हाताने सही केली.

(सही) व्हर्लिन ओ. हाउगन

आम्ही खाली सह्या करणारे, लिहून देतो की व्हर्लिन हाउगन यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्हांला या मृत्युपत्रान्वये काही मिळणार नाही. हाउगन यांना आम्ही गेल्या मंगळवारपासून ओळखतो.

साक्षीदार १. (सही) रोझेला इबारा, कॅम्प कार्यालय
साक्षीदार २. (सही) ग्लेन पेटीग्रू, जागा क्रमांक अठ्ठेचाळीस, मुक्काम रविवारपर्यंत

स्थळ: क्वार्ट्झसाइट, अॅरिझोना
दिनांक: २४ जानेवारी २०२५, शुक्रवार