शेपटी गेलेले निरोप

३ फेब्रु., मंगळ.
“मोळी हलकी निघाली तर आपुनच आदी सांगावं. मुकादमानं सांगितलं की ती चोरी हुती.” आई ऊसतोडीला जायची तेव्हाचं तिचं वाक्य. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आज नगरच्या लॅबमध्ये हे आठवलं आणि हात थांबला.

पीएच.डी.च्या प्रबंधातलं प्रकरण तीन चुकलंय. बहुतेक.

५ फेब्रु., गुरु.
कॉलेजात शिकवायचे तास उरकून राहात्याहून नगरची दुपारची एसटी. फ्रीझरमध्ये नोव्हेंबरचं धुवण सापडलं, आरएनए पकडणाऱ्या मण्यांना न चिकटता वाहून गेलेलं, एकाच बॅचचं. बाकी सगळं मी बेसिनमध्ये ओतलं. पाच वर्षं.

मण्यांशिवाय मोजलं. लंपीने बाधित पेशींतले गाईचे निरोप, म्हणजे आरएनए, त्यात आहेत. अख्खे. निरोगी पेशींच्या धुवणात जवळपास नाहीत.



७ फेब्रु., शनि.
मार्गदर्शक सरांना सांगितलं. शांतपणे ऐकलं, चष्मा पुसत.
“एका नळीवर, सुजाताबाई? मणी कमी पडले असतील.”
“मग निरोगी पेशींनाही कमी पडले असते, सर.”
“प्रबंध म्हणजे सत्याचा शोध, मान्य. पण तो जमाही करायचा असतो हो.”
स्वतःच हसले. मग हसले नाहीत. २८ ला निवृत्त होताहेत. त्यानंतर जमा करायचा तर नवा मार्गदर्शक हवा, आणि या विषयाचा इथे दुसरा कोणी नाही. प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही झालीये. शुक्रवारी जमा.

माझं वय चव्वेचाळीस.

८ फेब्रु., रवि.
तिसगाव. आई अंगणात तूर पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. पेशीत जनुकाचा निरोप घेऊन आरएनए निघतो, त्याला मागे शेपटी असते. शेपटी लांब तोवर निरोप चालतो, प्रथिनं बनतात. पेशीच ती कमी-जास्त करते. लंपीचा विषाणू आत शिरला की स्वतःच्या निरोपांना स्वतःच शेपट्या लावतो.
“आन् गाईच्या निरोपांचं?”
“मी लिहिलं, नष्ट होतात. पण मी शेपटीला धरणाऱ्या मण्यांनीच निरोप पकडत होते. ज्याची शेपटी गेली तो निसटला. मी म्हटलं, मेला.”
“मेला न्हाई?”
“गप्प झाला असेल. मेला नाही.”
आई सूप हलवत राहिली. “कळंल का कुनाला?”
“कदाचित नाही.”
“मग देऊन टाक. आमी मोळ्या बांधल्या त्या तू डाक्टर व्हावं म्हनून.”
मोळीच्या त्या वाक्याची आठवण करून दिली. म्हणाली, “मी आसं म्हनलंच न्हाई.”
खाली मान घालून म्हणाली. रागही येईना. तिचे हात बघत बसले.

१० फेब्रु., मंगळ.
दोन मार्ग काढले.
१) प्र. ३ तसंच ठेवून शेवटी एक ओळ, ‘मर्यादा’ म्हणून. सरांना चालेल. परीक्षक ती ओळ वाचणारही नाही.
२)

लिहवत नाही. गप्प करणं आणि मारणं यांतला फरक हाच तर विषय. मेलेला निरोप परत येत नाही. नुसती शेपटी गेलेल्याला पेशी कधी कधी पुन्हा शेपटी लावते. लंपी झालेल्या गाईत तसं होत असेल तर... आणि मी पानभर ‘नष्ट’ लिहून ठेवलंय. उद्या ते वाचून कुणी तिकडे शोधणारच नाही.

११ फेब्रु., बुध.
सरांना उद्या हातात द्यायची चिठ्ठी. तीनदा फाडली. ही चौथी, म्हणून इथे उतरवते:

‘आदरणीय सर, शुक्रवारी प्रबंध जमा करू नये. प्र. ३ मी मागे घेते. नवे मार्गदर्शक मिळेपर्यंत नोंदणीचं काय होईल ते होवो. तीन बॅच पुन्हा करायच्या आहेत, धुवणासकट, त्यासाठी तीन महिने फ्रीझरचा एक कप्पा माझ्याकडे राहू द्यावा. आणि प्रमाणपत्रावरची आपली सही आपल्याच हाताने खोडून द्यावी.’

नाही म्हणतील. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही सही खोडलेली नाही, हे तेच अभिमानाने सांगतात. तरी पेन मीच घेऊन जाणार आहे.