फोटोमागची ओली भिंत

तीर्थरूप मामा,

रागावू नका, पण आज मी तुमच्याशी भांडायला बसलेय. सासऱ्याशी भांडायचं धाडस तुम्ही असताना कधी झालं नाही, आता करते.

आज आखिती, अक्षय तृतीया. तुमच्या नावाची पहिलीच. सकाळी मातीची केळी आणून तुमच्या फोटोखाली पाणी भरून ठेवलं, पुरणपोळी अन् आमरसाचं ताट वाढलं, आणि त्यानंतर घरात जे झालं ते सांगायला जवळ कुणी नाही. तुमचे चिरंजीव पुण्याला कंपनीत. फोन केला तर म्हणतात, "रविवारी येतो." रविवार! तोवर मी कुणापुढं बोलू? हे सगळं तुम्हीच करून ठेवलंय, म्हणून तुम्हालाच सांगते.

चैत्रात येरमाळ्याची जत्रा झाली आणि तुमच्या फोटोमागं भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढी होती. मला वाटलं, हार ओला असेल. मग ती फोटोच्या खाली उतरली, रंगाचे पोपडे सुटले, बघता बघता फरशीपर्यंत आली. आत्या समोर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "तहान लागलीय गं त्यांना. ऊन किती पडलंय!" आणि फोटोखाली पाण्याचा तांब्या ठेवायला लागल्या. रोज.

मी म्हटलं, "आत्या, आत पाइप गळतोय. मिस्त्री बोलवू."

झालं! "माझ्या मालकाच्या फोटोमागं हातोडा मारायचा न्हाय. वरीस होऊ दे, मग काय फोडायचं ते फोड." तुमच्या बायकोपुढं तुमचंसुद्धा कधी चाललं नाही मामा, माझं काय चालणार?

तुम्ही असता तर ही वेळच आली नसती. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळी झाली की एकदा, तुम्ही अख्खं घर तपासायला घ्यायचात. शाळेतला शिपाई रिटायर झाला आणि घराचा हेडमास्तर झाला! सगळ्या तोट्या बंद. टाकीत पाण्याच्या कडेला खडूची रेघ. कुणी भांडं वाजवायचं नाही, कुणी खोकायचं नाही, आणि तुम्ही भिंतीला स्टीलचा पेला लावून, त्या पेल्याला कान लावून उभे! "संगीता, श्वास हळू घे!" मी नवी नवरी होते तेव्हा, मला वाटलं, अगं बाई, कुठल्या घरात पडले मी!

मग स्लॅबवर चढून पावसाळी पाइपाच्या तोंडातली कबुतराची पिसं आणि लिंबाचा पाला काढायचा. चेंबरचं झाकण उघडून बांबूची कामटी घालायची. आणि न्हाणीच्या जाळीत अडकलेला माझ्या केसांचा गुंता काडीवर धरून सगळ्यांना दाखवायचा, "हे बघा, तुंबायचं कारण!" पाहुणे बसलेले असले तरी. काय लाज वाटायची मला!

पण आपल्या ह्या येरमाळ्याकडच्या वाशीत नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. टाकी गळली तर उरलेले दिवस काय प्यायचं? म्हणून तुमचा तो छंद सगळे सोसत होतो. घर गळतं ठेवणारा मालक म्हणजे फुटका हंडा, असं म्हणायचात ना तुम्ही टाकीवरून उतरताना?

यंदा ते सगळं मी केलं. खडूची रेघ मारली. तोट्या बंद असताना पाणी रेघेच्या खाली गेलं. फोटोशेजारच्या कोरड्या भिंतीला पेला लावला तर आत बारीक सूंऽऽ आवाज. टाकीखालचे कॉक फिरवून बघितले, तर एक फिरवला की न्हाणी बंद, दुसरा फिरवला की स्वयंपाकघर बंद, गळती मात्र चालूच! मामा, मला केसांचा गुंता काढायला शिकवलंत, मग पाइप कुठून कुठं नेलाय ते सांगायला काय झालं होतं? विचारलं की म्हणायचात, "मी हाय की." असं म्हणून कुणी जातं का?

आता सकाळचं सांगते.

केळी भरली. आत्यांनी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, आणि मग उजवा हात त्या ओल्या भिंतीवर ठेवला. पाय अनवाणी, खाली फरशी ओली. डोळे मिटून म्हणाल्या, "आज लई जोरात धरलाय."

मी ताट मांडत होते. विचारलं, "काय धरलंय?"

"हात. ह्यांनी. रोज धरतेत. मुंग्या येतेत बघ पार कोपरापातूर."

मामा, ताट माझ्या हातातून पडलं. त्यांना ओढू का नको, हेच सुचेना. ओढलं तर मी पण चिकटेन! तशीच पळत बाहेर गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा बंद पडला. घरात एकदम चूप. आणि आतून आत्यांचा आवाज आला, "सोडला."

परत आले तर त्या हाताकडं बघत उभ्या होत्या. नंतर माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, जसं काही मीच तुम्हाला घरातून हाकलून दिलं.

वायरमनला बोलवून आणला. स्विच चालू करून त्यानं भिंतीला टेस्टर लावला, तर टेस्टरमधला दिवा लागला. भिंतीला! म्हणाला, "वहिनी, पाण्याचा पाइप अन् विजेची वायर एकाच खाचेत घातलीय. पाइप गळतोय, वायरचं कव्हर सडलंय. म्हातारीचं नशीब म्हणून वाचली. कुणी केलंय हे काम?"

मी म्हटलं, "घरच्यांनीच."

आठवतंय मला. घर बांधतानाचं तुम्ही किती खुशीत सांगायचात! "एकदाच भिंत फोडायची, दोन्ही कामं उरकायची." गवंड्यालासुद्धा हात लावू दिला नाही म्हणे. मामा, भिंतीला कान लावून घर ऐकणारे तुम्ही, आणि ही अक्कल कुठून सुचली हो तुम्हाला? मी चिडलेय, खरंच चिडलेय. तुमच्या हौसेनं आज तुमची बायको गेली असती.

वायरमननं त्या खोलीची लाइन तोडून टाकली. आता भिंतीत काही नाही, असं तीनदा विचारून घेतलं मी. तरी तिकडं जाताना पायात चप्पल घालते.

दुपारभर मनात घोकत होते, आत्यांना कसं सांगावं. ते मामा नव्हते, करंट होता, हे कुठल्या तोंडानं बोलायचं? दिवेलागणीला त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, सकाळी भिंतीत जे होतं ना…"

"करंट होता," त्याच म्हणाल्या. "मला काय कळत न्हाय व्हय? शेतातल्या मोटरीचा खाल्लाय म्या. पहिल्याच दिशी वळखला."

"मग? मग हात का लावत होता रोज?"

"वायर कुणी घातलीय? त्यांनीच ना? त्यांच्याच हातची हाय ती." पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ते गेल्यापून माझा हात कुणी धरलाय गं?"

मी ओरडले त्यांच्यावर. "जीव गेला असता आत्या!" तर त्या हसल्या. नुसत्या हसल्या. मामा, करंटची भीती वायरमननं घालवली, पण ते हसू माझ्या डोळ्यासमोरून जाईना. माणूस चुकून हात लावतो तेव्हा त्याला सावध करता येतं. समजून-उमजून लावतो त्याला काय करायचं? सांगा ना! तिकडं गॅस आहे, विहीर आहे, गच्चीला कठडा नाही. मी कुठं कुठं बघत बसू?

उद्या सकाळी मिस्त्री येणार. भिंत फुटणार. फोटो मी काढायला गेले तर म्हणाल्या, "थांब, म्या काढते." स्वतः काढला, पदरानं पुसला, आता मांडीवर घेऊन बसल्यात. भिंत फोडायला अडवलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

आता वचन देते. नवा पाइप भिंतीच्या बाहेरून जाईल, सगळ्यांना दिसंल असा. दिसायला वाईट दिसला तरी चालंल. वायर दुसऱ्या भिंतीला. मिरगाच्या आधी आणि दिवाळीनंतर टाकी, जाळ्या, चेंबर, सगळं बघेन, आणि आत्यांना बरोबर घेऊनच बघेन.

सासूचा हात धरायची सवय कुठल्या सुनेला असते? मला तर लाजच वाटते. तरी आत्ता जेवताना धरला. त्यांनी सोडवून घेतला, म्हणाल्या, "भात गार व्हतोय." उद्या परत धरेन. परवा परत. त्यांना आवडो न आवडो.

पण माझ्या एकटीच्या धरण्यानं भागणार नाही, हे मला कळतंय. म्हणून तुमच्या पाया पडून मागते. सगळं आयुष्य तुमचं ऐकलं, हे एवढं एक तुम्ही माझं ऐका. त्यांना बोलवू नका मामा. इतक्यात नको.

तुमची सून,
संगीता