तबकडीवरचं माहेर

बडनेरा, मे १९६१

प्रिय चारू,

आपली तबकडी पोचली. मधल्या गोल कागदावर ‘चारुशीला आणि वच्छला’ छापलेलं पाहिलं आणि अकोल्याच्या जठारपेठेत आपण दोघी परकर सावरत भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरायचो, ते आठवून हसू आलं. दुसऱ्या तबकडीसाठी मुंबईला येतेस का, असं तू विचारलंस. जीव तिकडेच आहे गं माझा! पण सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, झालं तेवढं पुरे. यांनी रदबदली केली, तर यांनाही गप्प बसवलं.

काल शेजारच्या गोदाबाईंनी तबकडी ऐकायला फोनो आणला. पापड लाटायला आळीतल्या बाया जमल्याच होत्या. तुझा आवाज वर चढला, मागून माझा आला. काळी माती, फुटलेली कपाशी, सगळं वऱ्हाड ऐकताना मला रडू आलं, गोदाबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. गाणं थांबलं मात्र, एकीनं सवयीनं विचारलं, लाडू का? दुसरी म्हणाली, करंज्या! चाल भुलाबाईची, मग गाणं संपल्यावर झाकलेला खाऊ ओळखायचाच. भुलाबाईचे दिवस अजून चार महिने लांब, घरात खाऊचा पत्ता नाही. पण ओळखायला बसलेल्या बायांना नाही कसं म्हणणार? सासूबाई तणतणत आत गेल्या नि गूळ आणि शेंगा घेऊन आल्या.

बाया गेल्यावर मला म्हणाल्या, “तू तं वऱ्हाडातच आहे. मंग वऱ्हाडासाठी कावून रडून राहिली?” मी म्हटलं, जठारपेठ आठवते. अकोला काही लांब नाही, पण माहेर ते माहेर. टरफलं गोळा करता करता त्यांनी भुलाबाईचं एक गाणं धरलं, मी कधीच न ऐकलेलं. काय आवाज, चारू! गाते म्हणून मी या घरात इतकी बोलणी खाल्ली, नि ही बाई अशी गाते. राग आला, हसूही आलं.

तर आम्ही रविवारी निघतो. आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. ते गाणं दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं, ही त्यांची अट. नाव छापायचं नाही. तबकडी मात्र दर्यापूरकडच्या त्यांच्या गावी पाठवायची. तिथं आता त्यांचं कोणी उरलेलं नाही. मी विचारलं, मग कोणासाठी पाठवायची? म्हणाल्या, “मले आता कोनी बलावत नाही. माहं गानं तरी जाऊ दे माहेरी.”

तुझीच, बोचकं बांधून बसलेली,
वच्छी